बीगल: सशाच्या मागावरचा आणि घरातला

रानवाट

नमस्कार मंडळी. बीगल पाळणाऱ्या शिकाऱ्यांमध्ये एक समज फार जुना आहे: घरात वाढलेला, सोफ्यावर झोपणारा आणि मुलांच्या हातून खाऊ खाणारा कुत्रा सशाच्या शिकारीला निकामी होतो, त्यामुळे ज्याच्याकडून काम करून घ्यायचे त्याला परसातल्या केनेलमध्येच ठेवावे. उत्तर अमेरिकेत कॉटनटेल सशांमागे बीगल सोडणाऱ्या माणसांबरोबर बरीच वर्षे वावरल्यानंतर माझे मत याच्या नेमके उलट झाले आहे. ते मांडावे आणि जाणकारांकडून तपासून घ्यावे, यासाठी हा धागा काढत आहे.

आधी शिकारीचे स्वरूप सांगतो, कारण बऱ्याच लोकांना वाटते की बीगल ससा धरतो. तसे क्वचितच होते. बीगल दाट झुडपांतून ससा उठवतो आणि वासावरून त्याचा माग काढत, सतत आवाज देत, त्याच्या मागे राहतो. ससा मात्र नाकासमोर दूर निघून जात नाही. त्याचा वावर काही एकरांपुरताच असतो आणि ओळखीच्या जाळ्यांचा आसरा सोडायला तो राजी नसतो, म्हणून एक वळसा घेऊन तो जिथून उठला त्या जागेच्या आसपास परत येतो. शिकारी त्याच सुमारास, समोरचे मोकळे दिसेल अशा ठिकाणी गुपचूप उभा असतो. कुत्र्याने फार जोर लावला तर कॉटनटेल जमिनीत शिरतो. तो स्वतः बीळ खणत नाही, पण ग्राउंडहॉग या बिळात राहणाऱ्या प्राण्याची जुनी बिळे त्याला आयतीच मिळतात, आणि तो आत गेला की खेळ संपतो. म्हणून या कामाला वेगवान कुत्र्यापेक्षा माग न सोडणारा कुत्रा अधिक मोलाचा.

आता मूळ मुद्दा. सोफ्यावर झोपल्याने नाक बोथट होत नाही. कुत्रा बिघडतो तो तीन कारणांनी: वंश चुकीचा निवडला जातो, सशावर पुरेशी संधी मिळत नाही, किंवा बोलावल्यावर परत यायचे त्याला कोणी शिकवलेलेच नसते. यांतले तिसरे काम तर घरातच उत्तम होते.

वंशाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. आजच्या बीगलची घडण इंग्लंडमध्ये झाली. पायी चालत हेअर जातीच्या मोठ्या सशांची शिकार करण्यासाठी तेथे टोळ्या पाळल्या जात, आणि १८३० च्या दशकात एसेक्समधील फिलिप हनीवुड या धर्मोपदेशकाने जमवलेली टोळी आधुनिक जातीचा पाया मानली जाते. अमेरिकेत १८७० च्या दशकात इलिनॉयच्या जनरल रिचर्ड रोवेट यांनी इंग्लंडहून चांगले बीगल आणले. अमेरिकन केनेल क्लबने १८८५ मध्ये या जातीची नोंद सुरू केली आणि १८८८ मध्ये नॅशनल बीगल क्लब स्थापन झाला. अमेरिकेत उंचीनुसार दोन गट आहेत, एक १३ इंचांपर्यंतचा आणि दुसरा १३ ते १५ इंचांचा. दोन्ही गटांतले कुत्रे शिकार करतात. बुटका कुत्रा गचपणातून सहज जातो, तर उंच कुत्र्याला उंच गवत आणि बर्फ कमी त्रास देतात, एवढाच व्यवहारातला फरक. खरा फरक आहे तो प्रदर्शनासाठी जोपासलेल्या आणि रानासाठी जोपासलेल्या वंशांत. पिल्लाच्या कागदावर किती पदके लिहिली आहेत यापेक्षा त्याचे आईबाप एखाद्या सकाळी रानात प्रत्यक्ष पाहावेत. ते माग हरवल्यावर काय करतात, वास असतानाच भुंकतात की उगाच, आणि मालकाने बोलावल्यावर येतात का, हे पाहिले की पिल्लाबद्दल पुष्कळ कळते.

पिल्लू साधारण आठ आठवड्यांचे झाले की घरी आणावे. पहिले काही महिने सशाचा विचारही करू नये. या काळात त्याने आपले नाव, शिटी, गाडीतला पिंजरा आणि माणसांची सोबत शिकायची असते. शिटी वाजली की काहीतरी चविष्ट मिळते, हे रोजच्या जेवणाला जोडून शिकवावे. खाण्याच्या बाबतीत बीगलचा मोह इतका अनावर असतो की हा धडा त्याला फार पटकन कळतो. चार-पाच महिन्यांच्या सुमारास सशाचे कातडे दोरीला बांधून गवतातून ओढत न्यावे आणि त्या ओळीवर पिल्लाला सोडावे. आधी सरळ आणि आखूड माग, मग वळणाचा, मग काही वेळ मुरू दिलेला, आणि प्रत्येक मागाच्या टोकाला बक्षीस. मात्र या ओढलेल्या मागाचे प्रेम फार वाढू देऊ नये. तिथे वासात जिवंत सशाची लबाडी नसते, आणि पिल्लू जितक्या लवकर खऱ्या सशावर येईल तितके बरे.

पायरीवरची

लेख आवडला. शिकारीशी माझा संबंध नाही, पण घरात बीगल आणावा की नाही यावर आमच्याकडे बरीच चर्चा चालू आहे आणि मुले लहान आहेत. दोन शंका आहेत. पहिली आवाजाची: हा कुत्रा भुंकतो त्यापेक्षा गळा काढून ओरडतो असे ऐकले आहे. दुसरी पळून जाण्याची. ज्याला शेकडो वर्षे वासामागे धावण्यासाठीच घडवले आहे, त्याला उद्यानात मोकळे सोडणे कधीतरी शक्य होईल का?

रानवाट

आवाजाबद्दल आपण ऐकलेले खरे आहे. शिकाऱ्याला दाट रानात कुत्रा दिसत नाही, तो आवाजावरूनच कळतो; म्हणून लांब सूर लावणारा आणि दूरवर ऐकू जाणारा गळा मुद्दाम जोपासला गेला. अनुभवी माणूस डोळे मिटून सांगू शकतो की वास ताजा आहे की शिळा, ससा डावीकडे वळला की माग तुटला. हाच गळा शेजाऱ्यांच्या भिंतीपलीकडे पोहोचला की त्याचे कौतुक संपते. बीगल टोळीत राहण्यासाठी घडलेला असल्याने त्याला एकटेपणा सोसत नाही, आणि घरातला बहुतेक आक्रोश त्यातूनच येतो. दिवसभर घर रिकामे राहणार असेल तर ही जात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रोज तासभर फिरवताना त्याला मनसोक्त हुंगू द्यावे, कारण नाकाला काम मिळाले की तो जेवढा दमतो तेवढा नुसत्या चालण्याने दमत नाही.

मोकळे सोडण्याबाबत: कुंपण नसलेल्या जागेत सोडू नये. शिटीवर परत येणे कितीही घोटून घेतले तरी ताज्या वासावर लागलेला बीगल कान बंद केल्यासारखा वागतो, आणि रस्त्यावरची गाडी त्याला दिसतच नाही. कुंपणालाही तळाशी जाळी पुरावी लागते, कारण हा गडी खाली खणूनही जातो आणि चढूनही. मुलांशी तो फार प्रेमळ असतो. फक्त त्याच्या खाण्याच्या ताटलीजवळ लहान मुलांना एकटे सोडू नये. काही बीगल अन्नाची राखण करतात, आणि तो दोष वाढू देण्यापेक्षा आधीच टाळलेला बरा.

काटेसावर

रानवाट यांच्याशी बहुतांशी सहमत, पण काही बाबतींत मतभेद नोंदवतो. मी केनेलमधलेच कुत्रे ठेवले आहेत आणि त्याचे कारण सोफा नाही. कारण हवामान. घरातल्या उबेत राहणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर थंडीचे दाट केस पुरेसे येत नाहीत आणि तळव्यांची कातडी मऊ राहते. जानेवारीतल्या गोठलेल्या काटेरी रानात तो फार लवकर थकतो. अर्थात रोज बाहेर पुरेसे फिरवले तर यावर मात करता येते. पण किती जण ते करतात?

जिवंत सशावर पिल्लू आणताना एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पिल्लाला मुरलेल्या कुत्र्याबरोबर सोडावे, हा सल्ला सगळे देतात आणि तो सुरुवातीला उपयोगी असतोही, कारण ससा उठवावा कसा हे पिल्लू त्याच्याकडून शिकते. पण मोठा कुत्रा पिल्लापेक्षा वेगवान असेल तर पिल्लू नाक खाली न घालता त्याच्या शेपटीमागे धावू लागते. महिनाभर असे चालले की ते वासाचे नव्हे, कुत्र्याचे अनुकरण शिकते, आणि एकटे सोडल्यावर गोंधळून उभे राहते. त्यामुळे पहिले काही धडे संगतीत आणि मग पुष्कळसे एकट्याने, असा क्रम असावा. ज्यांच्याजवळ सशांचे रान नाही त्यांना कुंपण घातलेली सरावाची मैदाने मिळतात. तिथे ससे भरपूर आणि हरणे नसतात, म्हणून पिल्लासाठी ती जागा चांगली. मात्र त्याच मैदानावर कायम सराव करणारा कुत्रा सशांच्या गर्दीला सोकावतो आणि खऱ्या रानात, जिथे सकाळभरात मोजके ससे उठतात, तिथे शोध घेण्याचा कंटाळा करतो.

आता दोषांविषयी, कारण खरे शिक्षण तिथेच आहे. ससा चालता चालता आपल्याच पावलांवरून मागे येतो आणि बाजूला उडी घेतो. तिथे माग तुटतो. या वेळी कुत्रा काय करतो यावर त्याची पारख होते. चांगला कुत्रा माग तुटलेल्या जागेपासून लहान लहान वर्तुळे वाढवत नेतो आणि पुढे गेलेली ओळ शोधून काढतो. काही कुत्रे त्याच जागी नाक रुतवून जुन्याच वासात रमतात. काही उलट दिशेने, म्हणजे ससा आला त्या बाजूला, माग काढत जातात. काही धूर्त कुत्रे ओळ सोडून आडवे धावतात आणि ससा पुढे कुठे निघेल त्याचा अंदाज बांधतात. हे एखाद्या वेळी यशस्वी होते, म्हणूनच ते घातक. सगळ्यांत वाईट दोष मात्र वास नसताना भुंकण्याचा, कारण एक खोटारडा कुत्रा सबंध टोळीला चुकीच्या बाजूला खेचतो. यांतले बरेच दोष रक्तातून येतात. शिकवून ते थोडे आटोक्यात येतात, मुळापासून जात नाहीत, आणि म्हणूनच आईबाप पाहून घ्यावेत या मताला माझा दुजोरा आहे.

कुत्रा माग हरवून उभा असेल तेव्हा माणसाने मध्ये पडू नये, हेही सांगून ठेवतो. आपल्याला ससा गेलेली बाजू दिसली म्हणून हाका मारून कुत्र्याला तिकडे नेले, तर प्रत्येक वेळी तो आपल्या तोंडाकडे पाहत बसतो. फार वेळ गेल्यावरच, आणि ससा डोळ्यांनी पाहिला असेल तरच, "टॅली-हो" असा पुकारा करून त्याला ताज्या ओळीवर आणावे. हा पुकारा नेहमी खरा असला पाहिजे. दोनदा फसवलेला बीगल तिसऱ्या वेळी येत नाही.

हरणाचा प्रश्न वेगळाच आहे. हरणामागे लागलेला बीगल मैलोन्‌मैल जातो, रस्ते ओलांडतो, आणि अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत कुत्र्याने हरणामागे धावणे कायद्याने गुन्हा आहे. कुत्र्याला विजेचा हलका झटका देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्याला अनेकांचा विरोध आहे. वेल्समध्ये तर त्यावर २०१० पासून बंदी आहे. माझे मत असे की जिथे कायद्याने चालते तिथे हा पट्टा फक्त हरणासाठी, तोही जाणकाराकडून शिकून, वापरावा. कुत्रा सशाच्या मागावर असताना हा पट्टा वापरू नये, नाहीतर कुत्रा सशालाच शिक्षा समजतो. जीपीएस पट्टा मात्र सर्वांनी बांधावा. आणि तरीही कुत्रा हरवला तर जिथून सोडला तिथे अंगातला कोट आणि पाण्याचे भांडे ठेवून यावे. पुष्कळदा तो आपल्याच मागाने परत येऊन त्या कोटावर झोपलेला सापडतो.

गुरांचा_डॉक्टर

पशुवैद्यक या नात्याने काही भर घालतो. पिल्लाचे लसीकरण साधारण सोळा आठवड्यांपर्यंत पूर्ण होते; तोवर त्याला अनोळखी कुत्र्यांच्या जागेत नेऊ नये. रेबीज, डिस्टेंपर आणि पार्व्हो यांच्याबरोबर रानात जाणाऱ्या कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिसची लसही द्यावी, कारण तो साचलेले पाणी पिणारच. गोचिडांपासून लाइम आणि एर्लिकिया हे आजार, डासांपासून हृदयातले जंत: त्यासाठीची औषधे वर्षभर चालू ठेवावीत. वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे वर्षभराच्या आसपास, लांब पल्ल्याची सक्तीची धाव टाळावी. स्वतःच्या मर्जीने खेळत धावणे वेगळे आणि दिवसभराची शिकार वेगळी.

ससा हाताळताना हातमोजे घालावेत. तुलारेमिया हा जिवाणूजन्य आजार सशापासून माणसाला होतो आणि सोलताना त्वचेवरच्या लहान जखमेतूनही शरीरात शिरतो. जो ससा सुस्त वाटतो, पळत नाही, किंवा ज्याच्या यकृतावर पांढरे ठिपके दिसतात, तो खाऊ नये आणि कुत्र्यालाही देऊ नये. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवावे. सशाची कच्ची आतडी कुत्र्यासमोर फेकण्याची सवय अनेकांना आहे. ती सोडावी, कारण सशांमधून येणारा पट्टकृमी कुत्र्याला त्यातूनच होतो.

जातीच्या म्हणून ज्या तक्रारी मी वारंवार पाहतो त्यांत लोंबत्या कानांचा संसर्ग, पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्यांचा त्रास, अपस्मार आणि थायरॉइडची मंदता येतात. मानेला हात लावल्यावर किंचाळणारा, ताप असलेला तरुण बीगल आला की मेंदूच्या आवरणांचा स्टेरॉइडला प्रतिसाद देणारा दाह असण्याची शंका आधी घ्यावी लागते. मुसलाडिन-ल्यूक सिंड्रोम आणि रक्त गोठवणाऱ्या सातव्या घटकाची उणीव या दोन आनुवंशिक दोषांसाठी चाचण्या उपलब्ध आहेत. आईबापांचे निकाल मागायला संकोच करू नये. पण या सगळ्यांपेक्षा सर्रास दिसते ती चरबी. हंगाम संपल्यावरही हंगामातलेच खाणे चालू ठेवले जाते, आणि मार्चमधला धावपटू ऑगस्टपर्यंत पिंप होतो. बोटांनी चाचपल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत.

निरभ्र

मला बीगलचे काम फार आवडते, पण ससा मारणे मनाला पटत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी हेअरची शिकार बंद झाली हे माहीत होते, परंतु रॅबिट, म्हणजे लहान ससे, त्यातून, जमीनमालकाच्या परवानगीने, वगळले आहे हे नुकतेच वाचले आणि आश्चर्य वाटले. बंदूक न घेता या कुत्र्याला त्याचे आयुष्य जगू देता येईल का?

रानवाट

येईल, आणि चांगल्या प्रकारे येईल. अमेरिकेतल्या बीगलांच्या फील्ड ट्रायल नेमक्या याच कामाच्या आहेत. त्यांत ससा उठवून त्याचा माग काढला जातो, परीक्षक नाकाचे, आवाजाचे आणि माग तुटल्यावरच्या वागण्याचे मोल करतात, आणि ससा मारला जात नाही. पहिली अशी स्पर्धा १८९० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील हायॅनिस येथे झाली. आज जोडी, लहान टोळी आणि मोठी टोळी असे वेगवेगळे प्रकार आहेत, आणि व्हर्जिनियातील आल्डी येथे नॅशनल बीगल क्लबचे स्वतःचे विस्तीर्ण रान आहे. ज्यांना तेवढेही नको त्यांनी घरात आणि अंगणात वास शोधण्याचे खेळ खेळावेत. १९८४ पासून अमेरिकेच्या कृषी विभागाचे बीगल विमानतळावर सामानातली फळे आणि मांस शोधत आहेत, म्हणजे या नाकाला ससाच हवा असे नाही. माझा अनुभव असा की बीगलला मोबदल्यात ससा मिळतो की नाही याचे फारसे काही वाटत नाही. माग संपू नये, एवढीच त्याची इच्छा असते.

काटेसावर यांचा हवामानाचा मुद्दा मान्य आहे. माझ्या मते त्याचे उत्तर केनेल नसून सप्टेंबरपासून पाळलेला नियम आहे: हंगामाआधी दोन महिने रोज खडबडीत जमिनीवर फिरवणे आणि रात्री घर फार गरम न ठेवणे. घरातल्या सहवासाचा जो फायदा होतो, म्हणजे कुत्रा आपल्या चेहऱ्यावरून आणि आवाजावरून आपले मन ओळखू लागतो, तो मला त्या जाड केसांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

पायरीवरची

शिकारीला जाणार नसले तरी कुतूहल म्हणून विचारते: एवढा प्रेमळ, संवेदनशील कुत्रा बंदुकीच्या आवाजाला घाबरत नाही का? आमच्या ओळखीतला एक बीगल फटाक्यांच्या आवाजाने पलंगाखाली जाऊन थरथरतो.

काटेसावर

घाबरतो, आणि एकदा घाबरला की ते काढणे फार कठीण. म्हणून हे काम घाईचे नाही. पिल्लू जेवत असताना दुसऱ्या खोलीत भांड्याचा आवाज करावा आणि ते मान वर करून पुन्हा खाऊ लागले तरच दुसऱ्या दिवशी थोडा जवळ करावा. पिल्लू अस्वस्थ झाले तर मागे जावे. पुढे मोकळ्या जागेत, पिल्लू ताज्या मागावर तोंडाने गात असताना, दूरवरून मदतनिसाने लहान बोअरच्या, म्हणजे अरुंद नळीच्या, बंदुकीचा एक बार काढावा. सशाच्या नादात त्याला आवाज ऐकू येतो, पण त्याची भीती बसत नाही. काही आठवड्यांत अंतर कमी करत आणावे आणि शॉटगन सगळ्यांत शेवटी आणावी, तीही हलक्या काडतुसांची. पिल्लाला गोळीबाराच्या मैदानावर नेऊन "सवय लावणे" हा प्रकार मी पाहिला आहे, आणि त्यातून चांगल्या घरची पिल्ले शिकारीला कायमची निकामी झालेली पाहिली आहेत.

पहिल्या हंगामात आणखी एक पथ्य. पिल्लाने स्वतः उठवलेल्या आणि वळसा घालून आणलेल्या सशावरच बार काढावा. पायाखालून अचानक उठलेला ससा जाऊ द्यावा, कारण कुत्रा जवळ असू शकतो आणि बार त्याच्या डोक्यावरून जाईल. जाळीत हालचाल दिसली म्हणून कधीही बंदूक उचलू नये. बीगलचा रंग वाळलेल्या पाल्यात सहज मिसळतो, म्हणून त्याच्या गळ्यात आणि आपल्या अंगावर भडक नारिंगी रंग असावा. ससा पडल्यावर पिल्लाला मागाच्या शेवटापर्यंत स्वतः येऊ द्यावे, हुंगू द्यावे, हलवू द्यावे, आणि मग शांतपणे त्याच्याकडून काढून घेऊन बक्षीस द्यावे. हिसकावून घेतल्यास पुढच्या वेळी ते ससा घेऊन झुडपात पळते, आणि मग माणसालाच वासावर माग काढावा लागतो.